रंगवलेली स्प्रिंग आणि ७८० डॉलर

पैसे रोख दिले, पावतीवर पार्ट नंबर लिहून घेतला नाही आणि काढलेलं जुनं सामान मागितलं नाही. माझी फसवणूक एवढ्यातच आटोपली, समोरच्याला फार कष्ट पडले नाहीत. आमच्या ओळखीतल्या तिघा-चौघांनी यंदाच्या हिवाळ्यात जुनी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरगाडी, घ्यायचं मनावर घेतलंय, म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं लिहितोय.

आम्ही डेन्व्हरला राहतो. शहराची उंची ५,२८० फूट. म्हणजे कळसूबाईचं शिखर आमच्या घरापेक्षा जेमतेम सव्वाशे फूट उंच. इथून खऱ्या बर्फात जायचं तर आणखी चार-पाच हजार फूट चढायला लागतं. मी मशीन घेतली ती मिनेसोटाहून बदली होऊन आलेल्या एका गृहस्थाकडून. ८०० सीसी, टू-स्ट्रोक, आणि चाकांऐवजी बर्फावर फिरणारा १५५ इंची पट्टा. माणूस सरळ होता. त्याने आपणहून सांगितलं, ‘क्लचची वजनं तिकडच्या सपाटीची आहेत, डोंगरात न्यायच्या आधी बदलून घे.’

हे वजनांचं प्रकरण आधी समजून घ्या, कारण ते न कळल्यामुळेच माणसं गंडतात. तुम्ही ॲक्टिव्हा चालवली असेल किंवा घरात कधीकाळी कायनेटिक होंडा असेल, तर हा क्लच तुम्ही वापरलेलाच आहे. गिअर नाहीत, दोन पुल्या आणि मध्ये बेल्ट. स्कूटरच्या पुढच्या पुलीत रोलर असतात. माझ्या मशीनच्या पुलीत त्याऐवजी तीन लोखंडी वजनं आहेत, बिजागरीवर झुलणारी, अंगठ्याएवढी. इंजिन फिरायला लागलं की ती बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन ताटल्या एकमेकींजवळ ढकलतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी जणू आपोआप वरच्या गिअरला जाते. आतली स्प्रिंग उलट दिशेने रेटत असते. या रस्सीखेचीचा मेळ असा बसवायचा की पूर्ण थ्रॉटल दाबल्यावर काटा इंजिनाच्या सगळ्यात ताकदवान आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) येऊन थांबला पाहिजे. माझ्या मशीनला तो आकडा ८,१०० ते ८,२००.

आता उंचीचा मुद्दा. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण ३ टक्के घटते. दहा हजार फुटांवर जवळपास ३० टक्के गेली. पण वजनांना हे कोण सांगणार? ती आपली सपाटीवरच्याच जोराने पुली दाबत राहतात. इंजिनाला ते ओझं पेलत नाही, गाडी वेळेआधीच वरच्या गिअरला जाते आणि काटा खालीच अडकतो. आजारातून उठलेल्या हमालाच्या पाठीवर तेच शंभर किलोचं पोतं. उपाय साधा, वजनं हलकी करायची. पुष्कळांना वाटतं की फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, उंचीचं सगळं आपोआप जमतं. पेट्रोलचं जमतं. क्लचचं नाही.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. अज्ञानामुळे फसलो असतो तर एवढं वाईट वाटलं नसतं.

दुकान शहराबाहेर, हायवेला लागून. नाव लिहीत नाही. काउंटरवरचा माणूस गोडबोल्या. मी दोन प्रश्न विचारले तर म्हणाला, ‘तुम्ही इंजिनिअर दिसता, तुम्हाला समजावायला नको.’ झालं, त्यानंतर मी प्रश्नच विचारले नाहीत. इंजिनिअरने प्रश्न विचारायचे असतात हे त्या एका वाक्यात विसरलो. हिशोब त्याने कागदावर मांडला: ५८ ग्रॅमची तीन वजनं, पुढच्या पुलीची कडक स्प्रिंग, मागच्या पुलीची स्प्रिंग, कमी कोनाचं हेलिक्स (मागच्या पुलीतला तिरप्या कडांचा भाग), दोन्ही पुल्या एका रेषेत आणणं आणि मजुरी. सगळं मिळून ७८० डॉलर. रोख दिलेत तर कार्डाचे ३ टक्के लावत नाही, म्हणाला. तेवीस डॉलर वाचतायत म्हणून मी पलीकडच्या एटीएमला जाऊन आलो. हिशोबाचा तो कागद मात्र काउंटरच्या पलीकडेच राहिला.

आठवड्याने मशीन आणली. झाकण उघडून त्याने क्लच दाखवला, नुसता चकचकीत. काळी भुकटी नाही, तेलाचा डाग नाही, फटीतून आतली लालभडक स्प्रिंग दिसत होती. पावतीवर एकच ओळ: ‘माउंटन क्लच सेटअप, नग १’.

त्या शनिवारी आम्ही तिघं रॅबिट इअर्स पासला गेलो. घाटमाथा ९,४२६ फूट. त्याची पश्चिम बाजू स्कीवाल्यांसाठी राखीव, पूर्वेला ड्यूमॉन्ट लेकच्या बाजूने आपल्याला सोडतात. दाबलेल्या वाटेवर गाडी छान पळाली. अर्ध्या थ्रॉटलवर काहीच कळत नाही, हे लक्षात ठेवा. खरी परीक्षा मोकळ्या, भुसभुशीत बर्फात आणि चढावर. पहिल्याच चढाला मी थ्रॉटल पूर्ण दाबला आणि इंजिनाचा आवाज वर जायच्या ऐवजी घोगरा झाला. काटा ७,४००. पट्टा पुढे न्यायच्या ऐवजी खाली खणायला लागला आणि मशीन हँडलपर्यंत बर्फात बसली. या उंचीवर दोनशे किलोंहून जड धूड फावड्याने मोकळं करायचं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. दहा फावडी मारली की धाप लागते, खाली बसावं लागतं.

हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा रबर जळाल्याचा वास आला, फाडकन आवाज झाला आणि गाडी जागेवर. झाकण उघडलं तर बेल्टचे दोरे मागच्या पुलीभोवती गुंडाळलेले. मागावर ताणा तुटून रुळाला गुंडाळला जातो ना, तसे. मी इचलकरंजीचा, माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार! पुली एवढी तापलेली की हात ठेववेना. जादा बेल्ट सोबत होता म्हणून उजेडात परत आलो. नुसतं फजितीवर निभावलं ते आमचं नशीब. दिवस हिमस्खलनाचे असतील आणि अशी मशीन उताराच्या मधोमध मान टाकेल, तर जिवाशी गाठ आहे.

सोमवारी दुकानात. माझी समजूत अशी की चुकून काही राहिलं असेल, बघून देतील. गोडबोल्याने क्लचचं झाकण उघडलंसुद्धा नाही. इंजिन चालू करायला लावलं, डोकं तिरकं करून ऐकलं आणि डॉक्टरने वाईट बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाला, ‘कॉम्प्रेशन गेलंय. क्लच आमचा बरोबर आहे, तुमचं इंजिनच थकलंय. पिस्टन-रिंगा बदलाव्या लागतील.’ २,२०० डॉलर. सीझन वाया जाऊ नये म्हणून लगेच नंबर लावतो, असंही म्हणाला. खरं सांगतो, मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. बायकोला विचारून सांगतो म्हणून निघालो, तेवढ्यानेच वाचलो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर शेतीची यंत्रं दुरुस्त केलेले. त्यांनी मशीन गॅरेजात घ्यायला लावली आणि सगळ्यात आधी कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं, गेज लावलं. दोन्ही सिलिंडर जवळपास सारखे, दोन-चार पौंडांचा फरक. इंजिन ठणठणीत. मग त्यांनी बेल्टवरचं कव्हर काढून माझ्या हातात दिलं. त्याच्या आतल्या बाजूला कंपनीचं स्टिकर, त्यावर कोष्टक: किती उंचीला कुठलं वजन, कुठली स्प्रिंग. महिनाभर मशीन माझ्याकडे होती आणि मी ते कव्हर उलटं करून पाहिलं नव्हतं.

टॉर्च धरला. वजनांच्या बाजूला आकडा ठोकलेला असतो. तिन्हीवर ६६.

तरीही माझं मन मानेना. वजनं काढली, ब्रेक क्लीनरने पुसली आणि स्वयंपाकघरात नेली. बायको केकसाठी मैदा मोजते तो डिजिटल काटा ओट्यावर होता. पहिलं ठेवलं: ६६. दुसरं: ६६. तिसरं ठेवायची गरज नव्हती, तरी ठेवलं.

‘त्यावर परत मैदा ठेवायचा नाही हं मी,’ ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून, ‘किती गेले रे?’

स्प्रिंगची गंमत याहून भारी. तिच्यापर्यंत पोचायला पुलीचं झाकण काढावं लागतं. आत स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सोडायचे, नाहीतर झाकण थोबाडावर येतं. आजोबांनी स्प्रिंग बाहेर काढली, उजेडाकडे धरली आणि हसायला लागले. कंपनीच्या स्प्रिंगांवर रंगाची खूण असते, रंगावरून ताकद ओळखायची. ही लाल. त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं तर लाल पापुद्रा गुलालासारखा गळून पडला. खाली जुना हिरवा, आणि वेढे एकमेकांवर घासतात तिथे तो हिरवाही उडालेला. म्हणजे विसरभोळेपणा नव्हता. कोणीतरी बसून, स्प्रेचा डबा हलवून, जुन्या स्प्रिंगला रंग दिला होता. मागच्या पुलीतलं हेलिक्स आणि तिची स्प्रिंगही तीच, मिनेसोटाची. ७८० डॉलरमध्ये माझा क्लच धुऊन मिळाला होता.

रात्री अप्पांना फोन केला. अप्पा चाळीस वर्षं मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘जुना माल मागून घेतलास का?’

नाही.

‘अरे, आपल्या गल्लीतला मिस्त्री ॲक्टिव्हाचा बेल्ट बदलला तर जुना बेल्ट पेपरात गुंडाळून देतो. न मागता देतो. तिकडं जाऊन एवढं विसरलास व्हय?’

विसरलो नव्हतो, मला ते मागासलेलं वाटलं होतं. तिथे मिस्त्रीवर विश्वास नसतो म्हणून जुना पार्ट बघायचा, इथे काय, छापील पावती आहे, काचेचं काउंटर आहे, अशी माझी समजूत. मी दुकानात जुनं सामान मागितलं असतं तर त्यांना ६६ ची वजनं माझ्या हातात ठेवावी लागली असती, आणि मग पुलीत नवीन घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

फोटो, वजनं आणि स्प्रिंग घेऊन परत गेलो. गोडबोल्या शांतपणे म्हणाला, ‘आम्ही नवीनच घातलं होतं. तुम्ही ते काढून विकलं असेल आणि जुनं परत बसवलं असेल.’ यावर काय बोलणार? पावतीवर ना वजनाचा आकडा ना पार्ट नंबर. कार्डाने दिले असते तर बिलाच्या तक्रारीसाठी स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवता आलं असतं. रोखीला तेही नाही. कोलोरॅडोत ७,५०० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो. तसं मी त्यांना पत्राने कळवलं, पण माझ्या पुराव्यात दम किती ते मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

दरम्यान वजनं आणि स्प्रिंगा मी स्वतः पार्ट नंबर लिहून मागवल्या. साडेतीनशेच्या आत काम झालं, हेलिक्सला हात लावायची गरजच नव्हती. बसवायला आजोबा आणि मी, एक दुपार. एका ग्रॅमला साधारण १०० आरपीएम असा ढोबळ हिशोब आजोबांनी सांगितला होता. आठ ग्रॅम उतरले. पुढच्या शनिवारी त्याच चढाला काटा ८,१५० वर जाऊन उभा राहिला आणि मी इतका खूश झालो की वळायचं विसरून झाडाजवळ गेलो.

आता मशीन कुणाकडे द्यायची वेळ आली तर आधी वजनांवरच्या आकड्यांचे फोटो काढतो. झाकणाच्या प्रत्येक बोल्टवर बायकोच्या नेलपेंटची बारीक रेघ असते, अर्धी बोल्टवर, अर्धी झाकणावर. बोल्ट फिरला की रेघ मोडते. जुनं सामान परत हवं हे काम द्यायच्या आधीच सांगायचं. काम झाल्यावर मागितलं तर ‘भंगारात गेलं’ हे उत्तर तयार असतं. आणि दुरुस्तीनंतर काटा वर येत नसेल, तर इंजिन खोलू देण्याआधी दुसऱ्या कुणाकडून कॉम्प्रेशन बघून घ्या. गेज लावायला पंधरा मिनिटं लागतात.

पत्राला बारा दिवसांनी उत्तर आलं. चूक मान्य नाही, पण ‘सद्भावना म्हणून’ ३०० डॉलरचा माल घेऊन जा, रोख मिळणार नाही. घ्यावं की नाही यावर घरी दोन दिवस वाद झाला. शेवटी गेलो. एक बेल्ट आणि थोडं किरकोळ सामान घेतलं. बेल्ट वेष्टनात होता. मी तो काउंटरवरच बाहेर काढला, खिशातून व्हर्निअर काढून रुंदी मोजली, मॅन्युअलच्या पानाशी ताडून पाहिली.

‘आमच्यावर विश्वास नाही वाटतं?’ गोडबोल्या म्हणाला.

मी पावती त्याच्याकडे परत सरकवली आणि बेल्टवरचा नंबर त्याला एकेक आकडा वाचून लिहायला लावला.