नकाशा काढायला स्प्रेडशीट: रेषा जमतात, नावं कुठे ठेवायची ते आधी ठरवा

दुकानाची मांडणी, सोसायटीच्या पार्किंगचा आराखडा, मंडपातल्या स्टॉलची वाटणी, परीक्षेच्या वर्गातल्या बाकांची रचना. असली कामं ऑटोकॅडपर्यंत क्वचितच पोचतात. ज्याच्या संगणकावर एक्सेल आहे, त्याच्या गळ्यात ती पडतात. त्यात गैर काही नाही. या चित्रांमधल्या रेषा एकदाच काढायच्या असतात, नावं मात्र दर आठवड्याला बदलतात. म्हणून एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स इथे एकाच कसोटीवर पाहिले आहेत: चित्र तयार झाल्यावर त्यातली अक्षरं बदलणं किती सोपं जातं?

सुरुवात चौकटीच्या कागदापासून. जपानी कचेऱ्यांमध्ये सगळ्या सेल बारीक चौकोनी करून त्यावर फॉर्म आणि आराखडे मांडायची पद्धत इतकी रुळली आहे, की तिला 'एक्सेल होगान्शी', म्हणजे एक्सेलचा आलेख कागद, असं नावच पडलं आहे. एक्सेलमध्ये मूळ फॉन्ट कॅलिब्री ११ असेल, तर सगळी शीट निवडून कॉलमची रुंदी १ आणि रोची उंची ९ द्या. दोन्ही १२ पिक्सेल होतात आणि चौकोन मिळतो. हे आकडे वेगळे दिसण्याचं कारण असं, की कॉलमची रुंदी मूळ फॉन्टच्या अंकांच्या रुंदीत मोजली जाते आणि रोची उंची पॉइंटमध्ये. नव्या ऑफिसमध्ये मूळ फॉन्ट ॲप्टॉस नॅरो आहे, तिथे रुंदीचा आकडा बदलतो. तेव्हा आकडा पाठ करण्यापेक्षा कॉलमची कड ओढताना वर दिसणारे पिक्सेल पाहावेत.

९ पॉइंट म्हणजे एक अष्टमांश इंच. एक सेल म्हणजे ६ इंच धरलं, तर कागदावर पाव इंचाला एक फूट हे नेहमीच्या वापरातलं प्रमाण आपोआप मिळतं. ३० बाय २० फुटांचं दुकान ६० बाय ४० सेलमध्ये बसतं आणि छापल्यावर साडेसात बाय पाच इंच होतं. आडव्या ए-४ कागदावर ते आरामात मावतं, शेजारी सूची लिहायलाही जागा उरते.

या बाबतीत कॅल्क सरस आहे. तिथे कॉलम आणि रो दोन्हींचं माप सेंटिमीटरमध्ये देता येतं. दोन्हीकडे ०.३२ टाकलं की चौकोन तयार, फॉन्टशी काही संबंध नाही. गूगल शीट्समध्ये दोन्ही मापं पिक्सेलमध्ये देतात, तेही सोपं आहे.

भिंतींसाठी शेप, म्हणजे शीटवर वरून ठेवायचे तयार आकार, वापरू नयेत. होम टॅबवरच्या बॉर्डरच्या यादीत 'ड्रॉ बॉर्डर' नावाची पेन्सिल आहे, तिने सेलच्या कडेवर जाड रेघ ओढावी. बॉर्डर सेलची असते, त्यामुळे ती हलत नाही, चुकून निवडली जात नाही आणि डिलीट दाबल्यावर उडत नाही. शेप ठेवावेत ते कपाटं, काउंटर, टेबलं आणि दारांसाठी. काढताना ऑल्ट दाबून धरला की शेप सेलच्या कडांना चिकटतो, शिफ्टने चौरस किंवा अचूक वर्तुळ मिळतं, कंट्रोलने मध्यापासून दोन्हीकडे वाढतो. दाराच्या उघडझापीचा चाप 'आर्क' या शेपने काढावा आणि पिवळ्या ठिपक्यांनी त्याची टोकं फिरवावीत. एकसारखी वीस टेबलं हवी असतील, तर एकच नीट काढून कंट्रोल-डी.

इथे पहिली मोठी फसगत होते. एक्सेलमधला शेप मुळातच 'मूव्ह अँड साइझ विथ सेल्स' या स्थितीत असतो. मध्येच कुणी रो वाढवली, लपवली किंवा फिल्टर लावला, की टेबलं चपटी होतात आणि आतला मजकूर कापला जातो. शेप निवडून कंट्रोल-१ दाबा, 'साइझ अँड प्रॉपर्टीज'मध्ये 'मूव्ह बट डोन्ट साइझ विथ सेल्स' निवडा. कॅल्कमध्ये हेच काम राइट क्लिकवरच्या 'अँकर'मधून होतं. तिथे 'टू सेल' ठेवावं, 'रिसाइझ विथ सेल' टाळावं. शेप बरेच झाले की एक्सेलमध्ये ऑल्ट-एफ१० ने निवडीची पट्टी उघडून प्रत्येकाला ओळखता येईल असं नाव देऊन ठेवावं. एकावर एक असलेल्या शेपमधला खालचा निवडायला दुसरा बरा मार्ग नाही.

आता अक्षरं. शेप निवडून टायपिंग सुरू केलं की मजकूर आत जातो, असलेला बदलायचा तर राइट क्लिक करून 'एडिट टेक्स्ट'. कॅल्कमध्ये डबल क्लिक किंवा एफ-२. इथवर तिन्ही ठिकाणी मामला सारखाच, फक्त गूगल शीट्समध्ये चित्र वेगळ्या खिडकीत उघडतं, मजकूर तिथे बदलून 'सेव्ह अँड क्लोज' करावं लागतं. एका दुरुस्तीला ते चालेल. चाळीस स्टॉलची नावं बदलायची असतील, तर अक्षरशः नको होतं.

पण चाळीस नावं एक्सेलमध्येही शेपच्या आत लिहू नयेत. कारण साधं आहे: कंट्रोल-एफ शेपमधला मजकूर शोधत नाही. एका गाळ्याचा भाडेकरू बदलला, तर ते नाव कुठल्या चौकोनात आहे हे डोळ्यांनी शोधावं लागतं. ना क्रम लावता येतो, ना मोजता येतं, ना दुसऱ्या यादीशी ताडून पाहता येतं.

यावर एक्सेलकडे असलेला उपाय एवढा चांगला आहे, की आमच्या मते तेवढ्यासाठीच या कामात एक्सेल पहिला येतो. शेपच्या कडेवर क्लिक करून तो निवडा, कर्सर शेपच्या आत जाऊ देऊ नका. मग वरच्या फॉर्म्युला बारमध्ये क्लिक करून बरोबरचं चिन्ह टाका, 'यादी' नावाच्या दुसऱ्या शीटवरचा हवा तो सेल दाखवा आणि एंटर दाबा. आता त्या सेलमध्ये जे असेल ते शेपवर दिसतं. यादीत नाव बदललं की नकाशात बदललं. शेपमध्ये फक्त एका सेलचा पत्ता चालतो, फॉर्म्युला चालत नाही. नाव, खाली गाळा क्रमांक, त्याखाली क्षेत्रफळ असं हवं असेल, तर यादीतच एका कॉलममध्ये ते 'अँड'च्या चिन्हाने जोडून घ्यावं, ओळ तोडायला मध्ये कॅर (CHAR) फंक्शनला १० देऊन टाकावं.

या जोडणीच्या दोन अडचणी आहेत. एक, मजकूर सगळा एकाच ठशाचा राहतो, नाव ठळक आणि क्रमांक बारीक असं करता येत नाही. दोन, शेप सेलमधली मूळ किंमत नाही तर सेलमध्ये जे दिसतं तेच दाखवतो. कॉलम अरुंद असल्याने भाड्याच्या आकड्याऐवजी सेलमध्ये जाळीची चिन्हं आली, तर नकाशावरही तीच येतात. एक अक्षर रुंदीच्या नकाशाच्या शीटवर हे हटकून घडतं. यादी वेगळ्या, रुंद कॉलमच्या शीटवर ठेवायची ती यासाठीच. संपूर्ण तक्ता नकाशाशेजारी हवा असेल, तर तो कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून 'लिंक्ड पिक्चर' म्हणून चिकटवावा, म्हणजे अरुंद कॉलमचा जाच राहत नाही.

कॅल्कमध्ये शेपचा मजकूर सेलला जोडायची सोय नाही. तिथे सेल एकत्र करून त्यात फॉर्म्युल्याने नाव आणावं आणि वर भरणरंग नसलेला चौकोन ठेवावा. दिसायला तेच दिसतं. मात्र कॅल्कमध्ये रेषेवर डबल क्लिक करून थेट माप लिहिता येतं. एक्सेलची रेषा मजकूर घेत नाही, मापासाठी रेषेच्या वरच्या सेल वापराव्या लागतात.

मराठीसाठी काही गोष्टी वेगळ्याने सांगायला हव्यात, कारण बिघाड बहुधा इथेच होतो. जुनी यादी कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. नाहीतर शेपचा फॉन्ट बदलताच सगळी रोमन अक्षरांची खिचडी होते. मंगल फॉन्टची ओळ उंच असते, बुटक्या चौकोनात वेलांट्या आणि रफार कापले जातात. निर्मला यूआय किंवा 'मुक्त' (Mukta) हा फॉन्ट घ्यावा, आणि शेपच्या आतला समास कमी करावा. एक्सेल डाव्या-उजव्या बाजूला ०.२५ सेंटिमीटर आणि वर-खाली ०.१३ सेंटिमीटर जागा सोडतो, लहान चौकोनात ती शून्य केली तरी बिघडत नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. उभ्या अरुंद गाळ्यात 'स्टॅक्ड' दिशा निवडली, तर शब्दाचे तुकडे होतात. त्याऐवजी मजकूर २७० अंशांत फिरवावा. कॅल्कमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं तशीच राहिली, तर कॅरेक्टरच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'चा फॉन्ट वेगळा द्यावा लागतो. देवनागरीला तोच लागू होतो.

कुणीतरी आधीच शंभर शेपमध्ये नावं टाइप करून ठेवली असतील, तरी वाट आहे. फाइलची प्रत करा, एक्स्टेन्शन बदलून झिप करा, आत 'एक्सएल' फोल्डरमध्ये 'ड्रॉइंग्ज' आहे, त्यातली एक्सएमएल फाइल बाहेर काढून नोटपॅडमध्ये शोधा आणि बदला, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून परत त्याच जागी टाका. पूर्ण फोल्डर नव्याने झिप करताना बाहेरचं फोल्डरही आत गेलं, तर फाइल उघडत नाही. एखादा शब्द सापडत नसेल, तर तो मध्येच तुटलेला असतो: अर्धा शब्द ठळक असेल किंवा मराठी-इंग्रजी मिसळलेलं असेल, तर एक्सेल एका ओळीचे अनेक तुकडे करून ठेवतो.

स्प्रेडशीटचा खरा फायदा कळतो तो क्षेत्रफळ काढताना. प्रत्येक विभागाच्या सेलमध्ये एक अक्षर भरा, कोठाराला 'क', विक्रीच्या जागेला 'व'. कंडिशनल फॉरमॅटिंगने त्या अक्षराचा रंग ठरवा आणि कस्टम फॉरमॅटमध्ये तीन अर्धविराम देऊन अक्षर लपवा. मग काउंटइफने सेल मोजून ४ ने भागलं की चौरस फूट हातात, कारण ६ इंची सेल म्हणजे पाव चौरस फूट. ८ बाय १० फुटांच्या कोठाराच्या ३२० सेल, म्हणजे ८० चौरस फूट. भिंत सरकवून अक्षरं नव्याने भरली की आकडा बदलतो. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे चालतं, आणि एकाच वेळी चारजण नावं भरणार असतील तर शेपचा नाद सोडून, नुसत्या रंगीत सेलचा नकाशा गूगल शीट्सवर करणं सगळ्यात सुटसुटीत.

निव्वळ चित्रकलेला मर्यादा नाही. जपानचे तात्सुओ होरिउची एक्सेलमध्ये शेपवर शेप रचून निसर्गचित्रं करतात आणि २००६ साली त्यांना ऑटोशेप चित्रांच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं. पण त्यांच्या चित्रांतली नावं दर आठवड्याला बदलायची नसतात.

छपाई हा तिन्हींचा कच्चा दुवा आहे. 'एका पानात बसवा' निवडलं की प्रमाण गेलं, म्हणून नकाशाच्या कडेला २० सेलची, म्हणजे १० फुटांची मोजपट्टी आधीच काढून ठेवावी. कागद कितीही आक्रसला तरी ती सोबत आक्रसते. १०० टक्क्यांवर छापलं तरी एक्सेल प्रिंटरनुसार रुंदीत थोडा फरक करतो, तेव्हा पहिल्या प्रतीवर फूटपट्टी लावून पाहावी. पडद्यावर एका ओळीत बसलेलं नाव कागदावर दोन ओळींत मोडू शकतं, म्हणून चौकोनात एखाद्या अक्षराची जागा मोकळी सोडावी.

फाइल दुसऱ्याच्या हाती देण्याआधी यादीतल्या नावांच्या सेलचं 'लॉक्ड' काढा आणि दोन्ही शीटना प्रोटेक्ट लावा. 'एडिट ऑब्जेक्ट्स'वर खूण नसली की शेप हलत नाहीत, यादीतलं नाव मात्र कुणालाही बदलता येतं.