सहा भाज्यांचं बियाणं किट: बिया झकास, पुस्तिका जरा सांभाळून वाचा

मुलीला शाळेत आनुवंशिकता शिकवत होते, पाठ करून करून तिचं डोकं उठलं म्हणून हे किट मागवलं. आत सहा पाकिटं, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स, आणि एक रंगीत पुस्तिका. गंमत म्हणजे या सहाही भाज्या एकच जात आहेत, ब्रासिका ओलेरेसिया, म्हणजे मूळची एकच जंगली कोबी. मला हे ऐकून माहीत होतं पण पटलं ते कुंडीत बघूनच.

बिया हातावर घेतल्या तर सगळ्या सारख्या, मोहरीसारख्या गोल. एका पाकिटावरचं नाव ओल्या हाताने पुसलं गेलं, मग काय, सगळं अंदाजपंचे! रोपं वर आली तरी ओळखता येईना, सगळ्यांना तीच पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची दोन पानं. पुढे बऱ्याच दिवसांनी मातीच्या जरा वर खोड लिंबाएवढं फुगलं तेव्हा पोरगी ओरडली, "बाबा, हा नवलकोल!"

म्हणजे पूर्वी झालंय असं की कुणा शेतकऱ्याला जाड खोड आवडलं त्याने त्याच झाडाचं बी धरलं, कुणी शेंड्याची पानं घट्ट मिटलेली झाडं ठेवली त्याचा कोबी झाला, कुणी गच्च फुलोरा निवडला त्याचा फ्लॉवर, हे पिढ्यानपिढ्या चाललं. फरक आधी झाडात आपोआप येतो, माणूस फक्त कुठला ठेवायचा ते ठरवतो.

आणि नेमकं इथेच पुस्तिका माती खाते. त्यात लिहिलंय "शेतकऱ्यांनी झाडाला सवय लावली". अहो, सवय लावून बी बदलत नाही! पुढे लिहिलंय सहाही झाडांचं बी धरा आणि परत पेरा, पण पाकिटावर बारीक अक्षरात एफ-वन, म्हणजे संकरित, त्याची पुढची पिढी एकसारखी येतच नाही. शिवाय एकच जात असल्यामुळे शेजारी शेजारी फुलली तर आपसात संकर होणार, आणि कोबीला तर फुलायला आधी थंडी लागते. पोरीला हे सगळं मलाच समजवावं लागलं.

पुस्तिकेतलं शेवटचं कोल्ह्यांचं पान मात्र भारी आहे, तिथेही हीच निवड. 1959 पासून सायबेरियात बेल्यायेव या रशियन आनुवंशिकता-शास्त्रज्ञांनी फक्त माणसाला न बुजणारे कोल्हे निवडून त्यांचीच पिल्लं वाढवली, तर काही पिढ्यांत काही पिल्लं शेपूट हलवायला लागली, पुढे काहींचे कान लोंबते आणि अंगावर पांढरे ठिपके, आणि हे कुणी मागितलंच नव्हतं. पोरगी हे पान तीनदा वाचून गेली.

आमचा फ्लॉवर काही धड बसला नाही, उकाडा वाढला, त्यात किटचा दोष नाही. चार स्टार, एक कापला तो पुस्तिकेचा. पाकिटं उघडायच्या आधी पर्मनंट मार्करने नावं लिहून घ्या.