टाकीवरचा फोम: उघडा ठेवावा की पांढरा थर द्यावा?

अतिथंड द्रव इंधनाच्या टाकीवर बाहेरची उष्णता अडवायला फोम फवारतात. नुकताच फवारलेला हा फोम सायीसारखा फिकट असतो. ऊन लागू लागलं की तो पिवळा, मग नारिंगी आणि पुढे पुढे विटकरी होतो. रंग बदलला म्हणजे फोम बाद झाला असं वाटून बरेच जण घाईने पांढरा थर देऊन टाकतात. त्याआधी नारिंगी पडलेल्या जागी पात्याने हलकेच खरवडून बघा. वरची जराशी भुकटी निघाली की खाली पुन्हा तोच सायीचा रंग दिसतो.

या फोममधला आयसोसायनेट (ज्यापासून फोम बनतो ते एक रसायन) ॲरोमॅटिक जातीचा, म्हणजे बेंझिनच्या कड्या असलेला. दोन कड्यांना जोडणाऱ्या कार्बनपाशी अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून क्विनोन-इमाइड जातीची रचना तयार करतात. ती निळा प्रकाश शोषते, म्हणून उरलेला आपल्याला नारिंगी दिसतो. हे किरण वरच्यावरच अडतात. उष्णता अडवणाऱ्या आतल्या बंद पेशी, म्हणजे फोममधले बारीक बंद कप्पे, शाबूत राहतात.

स्पेस शटलच्या बाहेरच्या टाकीला १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरा रंग होता. मार्च १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून तो काढून टाकला आणि साधारण २७० किलो वजन वाचलं. उडणाऱ्या टाकीपुरता प्रश्न तिथेच मिटतो. प्रश्न उरतो तो जमिनीवरच्या, चाचणीच्या टाकीचा.

पांढऱ्या थराची बाजू सरळ आहे. तो किरण अडवतो, पाऊस बाहेर ठेवतो, उन्हाने टाकी कमी तापते. ॲक्रिलिकचे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत, वाळल्यावर मिळून अर्धा मिलिमीटर भरतील असे. फवारणीनंतर शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत द्यावेत. उशीर झाला तर भुकटीवर रंग बसतो आणि पोपडे सुटतात. फोम दमट असताना दिला तर फुगे येतात.

पण माझं मत फिरलं ते भेगांमुळे. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर भरला की ॲल्युमिनियम सुमारे ०.४ टक्के आकसतं, म्हणजे दहा मीटर लांबीमागे चार सेंटिमीटर. फोमला त्यासोबत ओढलं जावं लागतं आणि सांध्यापाशी, कंसांपाशी (ब्रॅकेटपाशी) तो फाटतो. लवचीक पांढरा थर अशा केसाएवढ्या भेगेवरून सलग ताणून राहतो, वरून काहीच कळत नाही. आत मात्र हवा शिरते, धातूपाशी गोठते, आणि टाकी रिकामी होऊन गरम झाली की ती हवा फुगून फोमचा तुकडा उडवते. उघड्या नारिंगी फोमवर त्याच भेगेपाशी गोठलेल्या पांढऱ्या दवाची रेघ लांबूनही उठून दिसते. पांढऱ्यावर पांढरी रेघ शोधत बसावं लागतं.

डागडुजीचंही तेच. उघड्या टाकीवर नवं ठिगळ फिकट राहतं आणि हळूहळू बाकीच्या रंगात मिसळतं. कोणती जागा अलीकडे उकरली आणि कुठे पुन्हा पुन्हा उकरावं लागतंय, हे टाकी स्वतःच सांगते.

बरीच वर्षं उघड्यावर राहणारी आणि फार थंड न होणारी टाकी असेल तर पांढरा थर खुशाल द्या. तिथे भुकटी झडत झडत फोम खरंच पातळ होतो. वारंवार भरून रिकामी होणाऱ्या थंड टाकीला मात्र मी उघडाच ठेवेन. ठिगळ लावताना सगळी नारिंगी भुकटी घासून फिकट फोम दिसेपर्यंत खाली जा, नाहीतर नवा फोम भुकटीवर चिकटून पापुद्र्यासारखा सुटेल. एकेका फवाऱ्यात दहा-पंधरा मिलिमीटरच चढवा. एकदम जाड थर आतून तापतो आणि तडकतो. आणि रंगावरून ठिगळाचं वय ताडताना एकाच बाजूची ठिगळं एकमेकांशी ताडून बघा, कारण सावलीच्या अंगाला फोम कितीतरी उशिरा नारिंगी होतो.