बुधाची मूलद्रव्यं: एक्सआरएस घ्यावा की जीआरएस?

नासाच्या मेसेंजर या बुधाभोवती फिरलेल्या यानाचा डेटा प्रबंधासाठी उघडला की पहिल्याच आठवड्यात हा फाटा लागतो: क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारं एक्सआरएस हे उपकरण घ्यावं, की गॅमा किरणांवरून ओळखणारं जीआरएस? मी दोन्ही वाटा थोड्या थोड्या तुडवल्यात, म्हणून लिहितोय.

सुरुवात मी जीआरएसपासून, म्हणजे गॅमापासून केली. पोटॅशियम, थोरियम, युरेनियम मुळातच किरणोत्सारी, त्यामुळे ती आपणहून गॅमा किरण सोडतात, सूर्याची मर्जी सांभाळावी लागत नाही. शिवाय गॅमा किरण दहा-वीस सेंटिमीटर खोलवरून येतात, क्ष-किरण जेमतेम वरच्या पापुद्र्यातून. (खोलीचं मला फार अप्रूप होतं. पण उल्कांच्या माऱ्याने वरची माती इतकी घुसळलेली असते की माझ्या कामात त्याने फरक पडला नाही.)

पोटॅशियमचा नकाशा उत्तरेकडच्या लाव्ह्याच्या मैदानांवर टाकला तर छान जुळला. मैदानांवर 2000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 2000 भाग) आसपास, विषुववृत्ताकडे बरंच कमी. दोन आठवडे मी खुशीत. मग सरांनी कमाल तापमानाचा नकाशा शेजारी ठेवला आणि म्हणाले, "अरे, हे मैदान आहे की थर्मामीटर?" कॅलोरिस या बुधावरच्या प्रचंड विवराच्या आतही लाव्ह्याचीच मैदानं, पण तिथे पोटॅशियम कमी, आणि कॅलोरिस पडतं नेमकं जास्त तापणाऱ्या रेखांशाजवळ. खडकच वेगळा, की उन्हाने पोटॅशियम हलवलं? त्या एका नकाशावरून ते काही सुटेना. बरं, आणखी डेटा म्हणावा तर जीआरएसचा जर्मेनियम डिटेक्टर थंड ठेवणारा कूलर जून 2012 मध्येच थांबलेला. तिथे माझा धीर सुटला.

एक्सआरएसचेही नखरे आहेतच. सूर्याचे क्ष-किरण पडले की मूलद्रव्यं स्वतःचे क्ष-किरण सोडतात, तेच ते मोजतं. मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन शांत सूर्यातही दिसतात; गंधक, कॅल्शियम, लोहासाठी सौर ज्वालेची वाट बघायची, म्हणून ते नकाशे ठिगळांचे. कक्षा लंबुळकी आणि उत्तरेला यान बुधाच्या जवळ, म्हणून उत्तरेला पिक्सेल बारीक आणि दक्षिणेला एकेक हजारो किलोमीटरचा. पण जीआरएसच्या नकाशात दक्षिण जवळजवळ नाहीच, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

आणि मॅग्नेशियम उन्हाने पळत नाही. मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या गुणोत्तरात कॅलोरिसची मैदानं आजूबाजूपासून वेगळी दिसतात, पश्चिम गोलार्धातला जास्त मॅग्नेशियमचा मोठा पट्टाही उठून दिसतो. तो पहिल्यांदा स्क्रीनवर उमटला तेव्हा मी चहा विसरलो.

बाष्पशील (उष्णतेने सहज उडून जाणारी, पोटॅशियमसारखी) द्रव्यं हाच विषय असेल तर अर्थात जीआरएस. पोटॅशियम-थोरियमचं गुणोत्तर दुसरीकडे मिळणार नाही. खडकांतला फरक हवा असेल, तर माझ्या मते एक्सआरएस, आणि आधी उत्तर गोलार्धच. हात बसवायला चांद्रयान-2 वरच्या क्लास या क्ष-किरण उपकरणाचा डेटा घ्या. तंत्र तेच, आणि चंद्राभोवतीची कक्षा गोल असल्याने पिक्सेलचा जाच नाही.