सुट्टीच्या काळात कुत्रा कोणाकडे ठेवावा: पाच पर्यायांची तुलना

घरातील सर्वांनी एकत्र सुट्टीला जायचे ठरले की तिकिटे आणि मुक्कामाची जागा आधी पक्की होते आणि कुत्र्याचे काय करायचे हा प्रश्न शेवटच्या आठवड्यावर जातो. मग जी सोय शिल्लक असेल ती स्वीकारावी लागते. वास्तविक लसीकरण आणि एका रात्रीची चाचणी यांसारख्या गोष्टी निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी सुरू कराव्या लागतात, त्यामुळे निर्णयही तेवढाच आधी व्हायला हवा.

पर्याय मुख्यतः पाच आहेत: व्यावसायिक बोर्डिंग (पैसे घेऊन कुत्री ठेवून घेणारी जागा), दुसऱ्या कोणाच्या घरी केलेली सोय, आपल्या घरी येऊन राहणारी व्यक्ती, दिवसातून ठरावीक वेळा घरी येऊन जाणारी व्यक्ती, आणि कुत्र्याला सोबत नेणे. खर्च, अंतर आणि जागेची स्वच्छता या निकषांवर त्यांची तुलना सहसा केली जाते. ते निकष गैरलागू नाहीत, परंतु निवड करताना त्यांच्या आधी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते: कुत्र्याचे काही बिघडले, तर ते किती तासांत आणि कोणाच्या लक्षात येईल? ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा आजार आढळतो. कुत्रा वारंवार ओकारी काढतो पण बाहेर काहीच पडत नाही, पोट ताणल्यासारखे दिसते, त्याला एका जागी बसवत नाही, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. हा त्रास रात्री अकराला सुरू झाला आणि पहिला माणूस सकाळी सातला आला, तर जागा कितीही स्वच्छ असली तरी तिचा उपयोग नाही. हे टोकाचे उदाहरण असले तरी लघवी अडणे, सतत जुलाब होणे, फिट येणे या तुलनेने नेहमीच्या तक्रारींनाही तोच हिशेब लागू होतो.

व्यावसायिक बोर्डिंग

बोर्डिंगची खरी ताकद तिच्या व्यवस्थेत असते. दारे दुहेरी असतात, कुंपण कुत्र्यांचाच विचार करून बांधलेले असते, एक कर्मचारी आजारी पडला तर दुसरा हजर असतो, आणि कुत्री रोज हाताळणाऱ्या माणसांना लंगडणे, खाणे सोडणे किंवा अंगावरची गोचीड लवकर दिसते. तरुण, निरोगी आणि इतर कुत्र्यांत रमणाऱ्या कुत्र्याला तिथे बहुधा काही अडचण येत नाही. मात्र दिवसाचे वेळापत्रक कितीही आकर्षक असले तरी रात्रीचे वेगळे विचारावे लागते. "चोवीस तास देखरेख" याचा अर्थ काही ठिकाणी आवारात झोपणारा माणूस असा असतो, तर काही ठिकाणी फक्त चालू कॅमेरे असा. कॅमेऱ्याकडे रात्री दोन वाजता कोण पाहते, हे स्पष्टपणे विचारण्यात संकोच करू नये.

दुसरा मुद्दा संसर्गाचा. अनेक कुत्री एकाच छताखाली आली की केनेल कफ पसरण्याची शक्यता वाढते. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू यांमुळे होणारा हा खोकला हवेतून, तसेच सामाईक भांड्यांतून पसरतो. त्यावरची लस नाकात टाकण्याची असेल तर संरक्षण मिळू लागायला साधारण तीन दिवस लागतात. इंजेक्शनची लस प्रथमच देत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात, आणि आदल्या दिवशी घाईने टोचून घेतलेल्या पहिल्या मात्रेवर विसंबता येत नाही. लस घेतलेल्या कुत्र्यालाही सौम्य खोकला होऊ शकतो, परंतु आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्वो या विषाणूजन्य आजारांवरच्या लशींची नोंद जी बोर्डिंग मागत नाही, ती इतरांकडूनही मागत नसणार. त्यामुळे कागदपत्रांबाबत काटेकोर असलेली जागा त्रासदायक वाटली तरी तिलाच प्राधान्य द्यावे. लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आणि माजावर आलेली मादी यांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. मादीचा माज साधारण तीन आठवडे चालतो, तेव्हा तारखा आधीच पडताळून पाहाव्यात.

तिसरा मुद्दा ताणाचा. अनोळखी वास, सततचे भुंकणे आणि बदललेली झोप यांचा परिणाम पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक दिसतो. काही कुत्री एखादा दिवस खात नाहीत, काहींना ताणामुळे जुलाब होतात. त्यात खाणेही बदलले तर पोट आणखी बिघडू शकते, कारण नव्या खाण्याची सवय एरवी सात ते दहा दिवसांत हळूहळू लावावी लागते. म्हणून घरचेच खाणे सोबत द्यावे, आणि परतीला उशीर होईल असे गृहीत धरून चार दिवसांचे जास्त द्यावे. आवाजाला घाबरणारा, म्हातारा किंवा आतापर्यंत कधीही घराबाहेर न राहिलेला कुत्रा असेल तर हा ताण बोर्डिंगच्या सर्व फायद्यांवर मात करू शकतो.

पशुवैद्याच्या दवाखान्यातच ठेवणे हा पर्याय अनेकांना सर्वांत सुरक्षित वाटतो. दिवसातून दोनदा इंजेक्शन घेणाऱ्या कुत्र्यासाठी तो योग्य असतोही, पण शेजारच्या पिंजऱ्यात आजारी जनावर असणे आणि फिरायला कमी मिळणे हा त्याचा दुसरा भाग आहे. शिवाय दवाखाना रात्री बंद होत असेल, तर डॉक्टरांची पाटी असूनही रात्रभर कुत्रा एकटाच असतो.

दुसऱ्याच्या घरी की आपल्याच घरी

माझ्या मते खरी चुरस या दोन पर्यायांमध्ये आहे, कारण दोन्हीत रात्री माणूस सोबत असतो आणि कुत्र्यांची गर्दी नसते.

दुसऱ्याच्या घरी ठेवलेला कुत्रा त्या घराच्या दिनक्रमात सामील होतो, ही चांगली बाजू आहे. पण ते घर कुत्रा पळून जाणार नाही अशा बेताने बांधलेले नसते. नव्या जागी पहिल्या एक-दोन दिवसांत उघड्या दारातून किंवा सैल पट्ट्यातून निसटलेला कुत्रा अनोळखी परिसरात भांबावतो आणि परतीची वाट त्याला ठाऊक नसते. बोर्डिंगच्या तुलनेत हा धोका नक्कीच अधिक आहे. ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपवर सहसा पंधरा अंकी क्रमांक असतो, पण तिच्यात जागा दाखवणारी कोणतीही यंत्रणा नसते. तिचा उपयोग कुत्रा सापडल्यावर, आणि तोही नोंदणीतील फोन नंबर चालू असेल तरच होतो. म्हणून नोंदणीत सांभाळणाऱ्याचा नंबर दुसरा संपर्क म्हणून द्यावा, आणि गळपट्ट्यासोबत घट्ट बसणारा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) असावा. त्या घरात आधीच एखादा कुत्रा असेल, तर दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी घडवावी आणि खाण्याची भांडी वेगळ्या खोलीत ठेवावीत. बाहेर गुण्यागोविंदाने खेळणारी कुत्री एका हाडावरून भांडतात.

आपल्या घरी माणूस येऊन राहतो तेव्हा कुत्र्याची जागा, वास, झोपण्याचा कोपरा आणि फिरण्याचा रस्ता काहीच बदलत नाही. दृष्टी गेलेला, सांधे दुखणारा किंवा वयामुळे गोंधळणारा कुत्रा केवळ जागा ओळखीची असल्यामुळे वावरू शकतो, त्याच्यासाठी याहून चांगला पर्याय मला दिसत नाही. संसर्गाचा प्रश्न जवळपास मिटतो आणि दोन-तीन कुत्री असतील तर ती एकमेकांपासून वेगळी होत नाहीत. मात्र "राहणे" या शब्दाचा अर्थ आधी ठरवून लिहून घ्यावा लागतो. रात्री झोपायला येणारा आणि दिवसभर नोकरीला जाणारा माणूस हाही "राहणारा" म्हणवला जातो, आणि मग कुत्रा सलग दहा तास एकटा पडतो. दिवसा जास्तीत जास्त किती तास घर रिकामे असेल, घरात पाहुणे आणता येतील का, तो स्वतः आजारी पडला तर कोण येईल, याची उत्तरे किल्ली देण्यापूर्वीच मिळाली पाहिजेत. शेवटचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण या व्यवस्थेचा सारा भार एकाच माणसावर असतो.

नातेवाईक किंवा मित्र हे या दोन्ही पर्यायांचेच रूप आहे. विश्वास असतो आणि खर्च नसतो, म्हणून त्यांच्याकडे सर्वप्रथम वळण्याची रीत आहे, पण मला तिचे कौतुक जरा जास्त वाटते. पैसे घेणाऱ्या व्यक्तीला जे प्रश्न सहज विचारता येतात, ते उपकार करणाऱ्याला विचारताना जीभ अडते. "आम्ही असतो की घरी" या उत्तरावर विषय संपतो आणि चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक) असलेले पदार्थ कुत्र्याला विषारी ठरतात हे सांगायचे राहून जाते. ज्याने कधी कुत्रा पाळलेला नाही, त्याला लक्षण दिसले तरी त्याचा अर्थ कळेलच असे नाही. असा नातेवाईक निवडायचा तर तो कुत्र्याच्या नेहमीच्या सहवासातला असावा.

ये-जा करणारी व्यक्ती

हा पर्याय स्वस्त आणि सोपा दिसतो, परंतु त्याचे गणित एकदा मांडून पाहावे. दिवसातून तीन वेळा अर्धा अर्धा तास येणारी व्यक्ती कुत्र्याला एकूण दीड तास देते, म्हणजे उरलेले साडेबावीस तास तो एकटा असतो. मांजरांच्या बाबतीत ही व्यवस्था बऱ्याचदा पुरते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र एखाद्या रात्रीपलीकडे ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एकटे राहिल्यावर अस्वस्थ होणारा कुत्रा सतत भुंकतो, दार ओरबाडतो, लाळ गाळतो, घरातच घाण करतो. पिल्लाला तर लघवी इतका वेळ धरताच येत नाही. ज्यांना दुसरा मार्गच नाही त्यांनी भेटींच्या संख्येपेक्षा दोन भेटींमधील सर्वांत मोठ्या अंतराकडे पाहावे.

सोबत नेणे

कुत्र्याला सोबत नेले की ताटातूट टळते, पण काळजीचा प्रश्न सुटतोच असे नाही. ठरवलेल्या कार्यक्रमांत कुत्र्याला प्रवेश नसेल, तर तो दिवसभर अनोळखी खोलीत बंद राहतो आणि घरच्यापेक्षा वाईट अवस्थेत सापडतो. बाहेरचे हवामान सौम्य असले तरी बंद गाडीच्या आतले तापमान तासाभरात सुमारे २० अंश सेल्सिअसने वाढू शकते, आणि त्यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. खिडकी थोडी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्णता आणि विमानप्रवास दोन्ही घातक ठरू शकतात. गाडी लागत असेल तर पशुवैद्याकडून औषध मिळते, पण विमानासाठी गुंगीचे औषध देणे सामान्यतः टाळतात. सुट्टी एकाच जागी, शांतपणे घालवायची असेल तरच हा पर्याय चांगला.

खर्च आणि चाचणी

खर्चाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की बोर्डिंगचा दर बहुधा प्रत्येक कुत्र्यामागे असतो, तर घरी येऊन राहणाऱ्याचा बहुधा दिवसामागे, त्यामुळे एकाहून अधिक कुत्री असली की चित्र उलटू शकते. औषध देणे, जास्तीची फेरी, सणासुदीचे दिवस यांचे वेगळे शुल्क आधीच विचारून घ्यावे.

दोन पर्यायांमध्ये अडकलेल्या कुटुंबाने दोन-तीन आठवडे आधी एका रात्रीची चाचणी घ्यावी, आणि त्या वेळी घरच्यांनी गावातच असावे. त्या रात्री कुत्रा जेवला का, झोपला का, दुसऱ्या दिवशी शौच कशी झाली, या तीन प्रश्नांची उत्तरे सांभाळणारी व्यक्ती न विचारता देत असेल, तर तिचे लक्ष आहे असे समजावे. "छान होता" एवढेच उत्तर मिळाले तर दुसरा पर्याय उघडा ठेवावा.

दीर्घ आजार असलेल्या कुत्र्याबाबत मात्र चाचणीने भागत नाही. मधुमेहाच्या कुत्र्याला बहुधा दर बारा तासांनी इन्सुलिन द्यावे लागते, आणि त्याने खाल्लेच नसेल तर नेहमीची मात्रा दिल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. फिट येणाऱ्या कुत्र्याची औषधाची वेळ चुकली तर झटके परतू शकतात. अशा वेळी इंजेक्शन देता येणाऱ्यापेक्षा इंजेक्शन कधी थांबवून पशुवैद्याला फोन करायचा हे जाणणारा माणूस निवडावा, मग तो बोर्डिंगचा असो वा घरी येणारा.

कोणताही पर्याय घेतला तरी पशुवैद्याच्या नावे एक लेखी संमतिपत्र द्यावे. कुटुंबाशी संपर्क झाला नाही तर उपचार कोणी ठरवायचे, किती खर्चापर्यंत विचारण्याची गरज नाही आणि शस्त्रक्रियेला संमती आहे की नाही, हे त्यात असावे, आणि त्याची एक प्रत सांभाळणाऱ्याकडे असावी. परतल्यानंतर दोन आठवडे खोकल्याकडे लक्ष ठेवावे, कारण केनेल कफची लक्षणे दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. त्या काळात कोरडा, घशात काही अडकल्यासारखा खोकला सुरू झाला तर पशुवैद्याकडे नेण्यापूर्वी फोन करून कळवावे, म्हणजे प्रतीक्षागृहातील इतर कुत्र्यांपासून त्याला दूर ठेवता येईल.