अंगाची जाण वाढवायची तर काय निवडावं: योग, ताई ची की फेल्डेनक्राइस?

कापूस वेचणीच्या दिवसांत पोटाशी ओटी बांधून दिवसभर वाकलेली बाई संध्याकाळी “कंबर गेली” म्हणते. डाव्या बाजूने दुखते की उजव्या, वाकताना की उठताना, हे विचारलं तर तिला नीट सांगता येत नाही. जळगाव-भुसावळ रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात, त्यालाही पत्ता नसतो. या दोघांना व्यायाम कमी पडतो असं मला वाटत नाही. आपलं अंग काय करतंय याची जाण कमी पडते, आणि ती हळू, सावध हालचालींनी वाढवता येते.

डोळे मिटले तरी हात कुठे आहे हे आपल्याला कळतं, कारण स्नायू आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात. पण जोर जास्त लावला की बारीक खबर दबून जाते. डोक्यावर केळीचा अख्खा घड असताना त्यात एक केळं वाढलं तर कळणार नाही. तळहातावरच्या एका केळ्याशेजारी दुसरं ठेवलं तर लगेच कळेल. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात हाच नियम मांडला. म्हणून कोणतीही पद्धत निवडताना मी आधी एकच बघते: ती जोर कमी करायला लावते का?

या कसोटीवर फेल्डेनक्राइस पद्धत सगळ्यांत पुढे आहे. मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) हे अभियंते आणि ज्युदोचे जाणकार. स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यावर काम करता करता त्यांनी ही पद्धत घडवली. हिच्या सामूहिक धड्यात शिक्षक करून दाखवत नाही, फक्त बोलून सूचना देतो. एक प्रसिद्ध धडा बघा. सतरंजीवर उताणं पडायचं, गुडघे वाकवून पाय जमिनीवर टेकायचे. ओटीपोटाखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजायचं: बारा कमरेकडे, सहा माकडहाडाकडे. मग वजन हळूच बारावर न्यायचं, पुन्हा सहावर. कंबर जमिनीला टेकते, उचलली जाते. नंतर तीन आणि नऊ. तीनकडे सहज जाणारं अंग नऊकडे अडखळतं, आणि तिथे श्वास रोखला जातो हेही लक्षात येतं. मध्ये मध्ये नुसतं पडून राहायचं, कारण बदल त्या विश्रांतीतच जाणवतो. एक धडा साधारण पाऊण तासाचा असतो.

अडचण शिक्षकांची आहे. त्यांचं प्रशिक्षण तीन-चार वर्षांचं असतं आणि आपल्या भागात ते मिळणं कठीण. ध्वनिमुद्रित धडे बहुतेक इंग्रजीत. घरातल्या कुणी सूचना सावकाश, हवं तर अहिराणीत सांगितल्या तर काम भागतं. या पद्धतीवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, हेही माहीत असू द्या.

ताई ची उभ्याने करायची असते. मूळ चिनी युद्धकला. १९५६ मध्ये चीनमध्ये तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला गेला. तो पुरा करायला पाच-सहा मिनिटं लागतात, अंगात बसायला मात्र महिने जातात. एका पायावरून दुसऱ्यावर वजन कसं जातं हे तळव्यांना कळू लागतं. वृद्धांचं पडणं यामुळे कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून आईला ओसरीची पायरी उतरताना भीती वाटत असेल, तर मी ताई चीच सुचवेन. गुडघे झिजले असतील तर फार खाली न जाता उंचच उभं राहायचं.

योगाचा वर्ग जळगाव-धुळ्यातच काय, शहादा-चोपड्यातही सापडतो, भाषा आपली, फीही परवडणारी. शिवाय पतंजलींनी आसनाला ‘स्थिरसुखम्’ म्हटलंय, म्हणजे मुळात घाई नाहीच. पण वर्गात पाहावं तर भरभर सूर्यनमस्कार आणि पायाचे अंगठे धरायची चढाओढ. त्यात जाण वाढत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. सूक्ष्म व्यायामावर भर देणारा आणि दोन आसनांमध्ये शवासन देणारा शिक्षक शोधा.

विपश्यनेचं केंद्र धुळ्याजवळ आहे आणि शरीराच्या संवेदना पाहणं तिथे नीट शिकवतात. पण ते दहा दिवस बसून करायचं काम आहे, हालचालीचं नव्हे.

पाठ-मान आखडलेल्या, पण इतर तब्येत बरी असलेल्या माणसाला माझा सल्ला असा: जवळचा योगवर्ग धरा, प्रत्येक आसन जमतं त्याच्या निम्म्यापर्यंतच करा, आणि आठवड्यातून एक-दोनदा घरी घड्याळाचा धडा घ्या. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या झळांत दुपारी काही करू नका. पहाटे घराच्या धाब्यावर सतरंजी टाका. पाय बधिर होत असेल, त्यातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर यातलं काहीही सुरू न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.