होडीसाठी परड्यात बांधलेला मांगर : एका पावसाळ्यानंतर

मालवणजवळ देवबागला, कर्ली खाडीपासून हाकेच्या अंतरावर आमचं परडं, म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथे होडीसाठी मांगर, म्हणजे शेड, बांधला, त्यावरून आता एक अख्खा पावसाळा गेलाय. होडी फायबरची, 18 फुटी. मांगर 24 बाय 10 फूट, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे खांब, वर रंगीत पत्रा. मजुरीसकट खर्च 85,000च्या आसपास. जमीन वाळूची, म्हणून खांबांचे खड्डे 3 फूट खोल घेऊन काँक्रीट भरलं. गवंडी दोनच फूट पुरे म्हणत होता.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा होडी वर ओढावीच लागते. पूर्वी आम्ही ती माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, म्हणजे झापांनी, शाकारायचो. झापांखाली हवा खेळते, पण आता विणणारं कोण मिळतंय? मधली काही वर्षं निळी ताडपत्री वापरली. ती वाऱ्याने फडफडून फाटते आणि आतून घाम धरते. लाइफ जॅकेटांना बुरशी आली ती त्यामुळेच.

मांगर चारी बाजूंनी बंद करायचा बेत होता. शेजारचे काका बघून म्हणाले, "वाऱ्याक वाट दी रे, नायतर तो आपणच करून घेतलो." म्हणजे वाट ठेवली नाही तर वारा स्वतःच ती करून घेईल. 2021च्या तौक्ते वादळात बंदिस्त शेडचे पत्रे कसे उडाले ते आम्ही पाहिलं होतं. वारा आत शिरून अडकला की छप्पर खालून उचलतो. म्हणून तीन बाजू मोकळ्या ठेवल्या आणि पश्चिमेला तेवढा झापांचा आडोसा केला. आत झड येतेच, पण होडीची नाळ (पुढचं टोक) उंच ठेवून पाणी जायचं बूच काढलेलं असलं की पाणी साचत नाही. तळाखाली जुने टायर घातलेत. इंजिन मात्र गोड्या पाण्याने धुऊन घरातच ठेवतो.

तक्रार पत्रा धरून ठेवणाऱ्या हुकांची. फॅब्रिकेटरने साधे मारले होते, श्रावणातच त्यांना गंज चढून पत्र्यावर तांबडे ओघळ आले. सगळे स्टेनलेसचे बदलून घेतले. खाऱ्या हवेत इथे काटकसर नको. पाऊस लागला की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही, ते वेगळंच. एक माड जवळ आहे, त्याचे नारळ वेळेवर उतरवले नाहीत तर पत्र्याला पोचे ठरलेले.

जागा उरली तिथे जाळी टांगतो, आई जळाऊ लाकडं रचते. पागोळ्यांनी खांबांच्या बुडाची वाळू उकरली जातेय, त्यामुळे पुढच्या मे महिन्याआधी पन्हळ लावून घेणार.